नग एक, वजन २३ किलो

'जगात जर्मनी आणि भारतात परभणी' अशी एक म्हण आमच्याकडे आहे. ती कोणी काढली आणि कशाच्या आधारावर काढली, असे आम्ही परभणी जिल्ह्यातले लोक कधी विचारीत नाही. आपल्या स्तुतीचा पुरावा मागू नये, एवढे व्यवहारज्ञान आम्हाला आहे. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी दुसरीही एक म्हण आहे. पण ती बाहेरच्या लोकांनी मत्सरापोटी काढली असावी. पहिल्या म्हणीचा माझ्या मते एवढाच अर्थ, की जर्मनी आणि परभणी या दोहोंच्या मध्ये मुक्काम करावा असे काही नाही. आमच्या मुलीने तो अर्थ अगदी शब्दशः घेतला. पूर्णेतून शिक्षणासाठी बाहेर पडली, इंजिनिअर झाली, पुण्यात दोन वर्षे नोकरी केल्यासारखे केले आणि एक दिवस थेट जर्मनीत, स्टुटगार्टला जाऊन उतरली. तेव्हापासून नऊ उन्हाळे गेले.

दहाव्या उन्हाळ्यात, म्हणजे २०२४ साली, बाहेर त्रेचाळीस अंश आणि घरात कूलरचे पाणी संपलेले, अशा मुहूर्तावर तिचा फोन आला.

"बाबा, ऑक्टोबरात तुम्ही दोघं या. सहा आठवडे राहा. आणि मधे चार दिवस आपण मिलानला जाऊ."

"मिलानला काय आहे?"

"फॅशन," ती म्हणाली.

मी एकतीस वर्षे शाळेत भूगोल शिकवला. मिलान म्हणजे इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यातले औद्योगिक शहर. खोऱ्यात भात आणि मका पिकतो, रेशमाचा धंदा जुना. हे उत्तर दोन गुणांचे, आणि मी ते पिढ्यान्‌पिढ्या पोरांकडून पाठ करून घेतलेले. त्या शहरात माणसे कपडेही घालतात आणि ते बघायला सगळे जग लोटते, हे आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हते.

तिसऱ्या दिवशी व्हॉट्सॲपवर यादी आली. मथळा होता, 'मिलान : चार दिवस : प्रत्येकी एकच छोटी बॅग.' खाली एकवीस कलमे. दोन पँटी, दोन्ही गडद. तीन शर्ट, रेघा आणि चौकटी नकोत. एक जाकीट. एक मफलर, 'बाबा, गळ्यात. डोक्याला गुंडाळायचा नाही.' चालायचे बूट, महिनाभर आधी पायात घालून मुरवलेले, कारण तिकडे रस्त्यांना दगडी फरशी आणि दिवसाला दहा किलोमीटर चाल. घडीची छत्री. औषधे हातातल्या बॅगेत, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट. पॉवर बँकसुद्धा हातातल्याच बॅगेत, मोठ्या बॅगेत चालत नाही. हातातल्या बॅगेत तेल, शाम्पू, औषधाचे पातळ काही असेल तर बाटली शंभर मिलिलिटरच्या वर नको, आणि सगळ्या बाटल्या मिळून एका लिटरच्या पारदर्शक पिशवीत. चार्जर दोन गोल काड्यांचा; आपला तीन काड्यांचा प्लग तिकडच्या भिंतीत शिरत नाही. विजेचा दाब मात्र आपल्यासारखाच, २३० व्होल्ट. हे वाचून मला बरे वाटले. जगात काहीतरी समान आहे.

त्यानंतर 'आणू नका' असा पोटविभाग होता. त्यात कानटोपी होती, बॅगेला आवळायची नायलॉनची दोरी होती आणि बाबांची सफारी होती.

एकविसावे कलम सगळ्यांत शेवटी, विसरलेले मागाहून आठवावे तसे लिहिलेले होते. 'माझा जन्मदाखला. मूळ प्रत.'

या कलमाकडे नंतर येतो. आम्ही दोघांनीही ते त्या वेळी नंतरवरच ढकलले होते.

आधी सफारीचे सांगतो. ती माझी सफारी १९९१ साली याच मुलीच्या बारशाला शिवलेली. रंग राखाडी, खिसे चार, कापड असे की तेहेतीस वर्षांत एक धागा हलला नाही. हलले ते माझे पोट. पण खालचे बटण सोडले आणि श्वास बेताने घेतला तर अजूनही बसते. जिच्या बारशाला शिवली तिनेच तिच्यावर बंदी घालावी, याचे वाईट वाटणारच. मी फोनवर म्हणालो, "अगं, मिलानला कोण ओळखतं मला?" ती म्हणाली, "बाबा, मला ओळखतात." मिलानमध्ये तिला कोण ओळखते हे मी विचारले नाही. हिने मात्र त्या वाक्याची मनात नोंद घेतली, हे मला फार उशिरा कळले.

आता, पूर्णेच्या माणसाला सामान बांधायला शिकवणे म्हणजे नांदेडच्या माणसाला गोदावरी दाखवणे. पूर्णा हे जंक्शन. जंक्शनचा माणूस स्वतः फारसा कुठे जात नाही. तो दुसऱ्यांना पोचवायला जातो. परभणीकडून नांदेडला आणि हिंगोलीकडून परभणीला जाणारा जो म्हणून नातेवाईक, त्याला फलाटावर डबा नेऊन देणे हे आमचे कुळधर्मात धरलेले काम. त्यात नव्वदच्या दशकात परभणी-नांदेडची लाइन मोठी झाली आणि हिंगोली-अकोल्याची मीटर गेज तशीच राहिली, ती थेट २००८ सालापर्यंत. तेवढी वर्षे छोट्या गाडीतून आलेला माणूस पूर्णेला सामानासकट उतरायचा आणि मोठ्या गाडीत चढायचा. लोकांनी काय काय उतरवलेले मी पाहिले आहे! तुरीची पोती, नव्या नवरीचे आरसा लावलेले कपाट, पितळी हंडा आणि हंड्यात बसवलेले मूल. एका नगालाही चाके नव्हती आणि एकही नग मागे राहिलेला मला आठवत नाही.

तरी आम्ही सल्ले घेतले. आमच्या गल्लीत 'दहा दिवसांत आठ देश' करून आलेले एक निवृत्त साहेब आहेत. देश कोणता पाहिला ते त्यांना जेवणावरून आठवते. ते म्हणाले, "सर, बाकी काही नेऊ नका, पण प्लॅस्टिकचा मग न्या. युरोपात सगळीकडे कागद आहे." हा सल्ला मी मुलीला कळवला. तिचे उत्तर आले, की इटलीत १९७५ पासून घराघरांत बिडे बसवण्याचा नियमच आहे. बिडे म्हणजे काय, हे तिने चित्र पाठवून सांगितले. ज्या देशाने तांब्याचा प्रश्न कायद्याने सोडवला त्या देशाबद्दल मला एकदम आपुलकी वाटू लागली. मग रद्द झाला.

मग तिने सामान कसे भरावे याची एक चित्रफीत पाठवली. त्यात एक गोरी मुलगी, पृथ्वी गोल असल्याचा शोध आपल्यालाच लागला अशा आवाजात सांगत होती, की कपड्यांच्या घड्या घालू नका, गुंडाळ्या करा. जागा वाचते आणि चुण्या पडत नाहीत. ही म्हणाली, "अहो, ही तर वळकटी!" पुढे त्या मुलीने कपड्यांच्या गुंडाळ्या चेन लावलेल्या लहान लहान कापडी पिशव्यांत भरल्या. ही म्हणाली, "आणि ही गाठोडी!" आमच्या आया-आज्यांनी आयुष्यभर वळकट्या आणि गाठोडी बांधली, तेव्हा त्यांना अडाणी म्हणत. आता त्याच विद्येला चेन बसवली आणि ती युरोपला गेली.

हिची स्वतःची वेगळी यादी होती. येसर, काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी, कुरडया, खारोड्या, लिंबाचे लोणचे, ज्वारीचे पीठ पाच किलो, कुंथलगिरीचे पेढे, साजूक तूप, कढीपत्ता, सुके खोबरे. या यादीला मुलीने कात्री लावली तेव्हा मला जगाच्या भूगोलाचे नवे ज्ञान झाले. बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला युरोपात मांस नेता येत नाही हे ठीक. पण दूध आणि दुधाचे पदार्थही नेता येत नाहीत. म्हणजे पेढे गेले, तूप गेले. कढीपत्ता गेला. सुके खोबरे तर विमानातच चढू देत नाहीत. त्यात तेल असते, ते पेटू शकते. आयुष्यभर आपण आमटीत काय ढकलत होतो हे ऐकून ही दोन मिनिटे खुर्चीवर बसली. ताजी फळे सरकारी दाखल्याशिवाय नेता येत नाहीत, अपवाद फक्त पाच : केळी, अननस, खजूर, नारळ आणि ड्युरियन नावाचे एक उग्र वासाचे फळ.

"म्हणजे सत्यनारायणाची निम्मी तयारी चालते की," मी म्हणालो.

"तिकडे नारळ मिळत असेल ना हो?" हिने विचारले. आणि थोड्या वेळाने पुन्हा, "चांगला, शेंडीचा?"

चटणीसाठी लागत असेल, असे मला वाटले. पुरुषाला जे वाटते ते बहुधा चटणीच्या पुढे जात नाही.

जन्मदाखला माळ्यावर होता, वडिलांच्या लाइन बॉक्समध्ये. आमचे वडील, अण्णा, रेल्वेत गार्ड होते. २०२२ पासून गार्डाला रेल्वे 'ट्रेन मॅनेजर' म्हणते. पण मॅनेजर म्हटले की मला बँक आठवते, म्हणून गार्डच म्हणतो. गार्डाची एक काळी लोखंडी पेटी असे. ड्यूटी लागली की बॉक्स-पोर्टर ती ब्रेकव्हॅनमध्ये चढवायचा, ड्यूटी संपली की उतरवायचा. पेटीत लाल झेंडा, हिरवा झेंडा, रॉकेलचा हातदिवा, शिट्टी, धुक्यात किंवा अपघातात मागच्या गाडीला सावध करायला रुळावर ठेवायचे फटाके, प्रथमोपचाराचा डबा, नियमांचे पुस्तक आणि वेळापत्रक. वर आईने बांधून दिलेली भाकरी, ठेचा आणि कांदा. बस्स. एवढ्या सामानावर अण्णांनी चौतीस वर्षे आगगाड्या नेल्या आणि आणल्या. त्यांना कधी 'काहीतरी राहिलं वाटतं' म्हणून दारातून मागे फिरलेले मी पाहिले नाही. झेंडे आणि दिवा निवृत्तीच्या दिवशी परत गेले. जुनी, पत्रा फुटलेली पेटी तेवढी घरी राहिली. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचे नाव आणि खाली 'पूर्णा'. पेटी कुठेही पोचली तरी कुठली आहे हे कळावे म्हणून.

दाखला तिच्यात तळाशी निघाला, माझ्या मॅट्रिकच्या प्रमाणपत्राखाली. घडीवर पिवळा पडलेला. जन्माचे ठिकाण : पूर्णा. मी तो हातात धरला आणि हिच्याकडे पाहिले. हिनेही माझ्याकडे पाहिले. दोघेही काही बोललो नाही, कारण दोघांनाही उत्तर सापडले होते.

माझे उत्तर पेपरात होते. जर्मनीने त्याच वर्षी जूनमध्ये कायदा बदलला. पूर्वी आठ वर्षे राहावे लागे, आता पाच वर्षांनी नागरिकत्व मागता येते. त्या अर्जाला जन्मदाखला लागतो. जर्मनीला आता दोन देशांचे नागरिकत्व चालते. पण आपल्याकडे ते चालत नाही. तिकडचे घेतले की इकडचा पासपोर्ट परत करावा लागतो. पेपरातली ती बातमी मी घडी करून उशीखाली ठेवली होती. वाटले, हिला सांगितले तर ही रडेल.

हिचे उत्तर वेगळे होते, आणि तेही तिने मला सांगितले नाही. वाटले, मला सांगितले तर मी चौकशा करीन.

निघण्याच्या आदल्या दिवशी बॅगा मोंढ्यात नेल्या. विमानाला माणशी एक नग, वजन २३ किलो. आणि आमच्या घरच्या काट्यावर बॅग ठेवली की आकडा दिसत नाही. मोंढ्यात माझा एक जुना विद्यार्थी आडत चालवतो. सोयाबीनची पोती बाजूला सारून त्याने बॅग काट्यावर घेतली.

"सर, कुठं चाललात?"

"मिलानला."

"मिरजेच्या पुढं का?"

"बरंच पुढं."

माझी बॅग भरली २२ किलो ४००. हिची २४ किलो ९००. "कडता धरू का बाई?" त्याने विचारले. शेतकऱ्याच्या पोत्याला दर क्विंटलमागे कडता कापायची त्याची सवय. विमान कंपनी कडता धरत नाही, असे सांगून आम्ही बॅग तिथेच उघडली. ज्वारीचे पीठ दोन किलो कमी केले. ते त्याच्या हमालाला मिळाले. पीठ काढताना तळाशी एक कापडी पिशवी दिसली. मी हात घालणार तोच ही म्हणाली, "राहू द्या, माझी आहे." बायकोची पिशवी उघडू नये हा संसाराचा नियम आहे. शिवाय माझ्या बॅगेच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून, सफारी होती. चौकशी सुरू झाली असती तर दोन्ही बाजूंनी झाली असती.

पूर्णा ते मुंबई, मुंबई ते जर्मनी, हा भाग सोडून देतो. काही घडले नाही. एवढी तयारी केल्यावर काही न घडणे हा एक प्रकारचा विश्वासघातच. स्टुटगार्टला मुलीने बॅगा उघडल्या, येसरच्या पुडीला नाक लावले आणि पाच मिनिटे ती कोणाशी बोलली नाही. नंतर म्हणाली, "आई, सांगितलं होतं ना एवढं आणू नको म्हणून!" आणि पुडी स्वतःच्या कपाटात ठेवून आली.

दोन आठवड्यांनी मिलानला निघालो ते आगगाडीने. स्टुटगार्टहून झ्युरिक आणि तिथे गाडी बदलून मिलान. मी आधीच विचारून ठेवले होते, गाडीत वजन करीत नाहीत. तरीही बॅगा तीनच, छोट्या. झ्युरिकला डाव्या हाताने बॅग ओढत एका फलाटावरून दुसऱ्या फलाटावर गेलो तेव्हा मला मनमाडची आठवण झाली. लहानपणी मुंबईला जायचे म्हणजे मनमाडला मीटर गेज सोडून ब्रॉडगेज धरायची, मध्यरात्री, डोक्यावर ट्रंक घेऊन. युरोपचा रूळ १४३५ मिलिमीटरचा. आमची जुनी मीटर गेज १०००, नवी ब्रॉडगेज १६७६. म्हणजे युरोप हा जुन्या आणि नव्या पूर्णेच्या मध्येच कुठेतरी आहे. हे मी मुलीला सांगितले. ती एरवी हसली असती. हसली नाही.

वाटेत गोटहार्डचा बोगदा लागतो. ५७ किलोमीटर लांब, २०१६ साली सुरू झालेला, जगातला सर्वांत लांब रेल्वे बोगदा. म्हणजे पूर्णेला आत शिरावे तर परभणी मागे टाकून बऱ्याच पुढे उजेड दिसावा. गाडी आत शिरली. खिडकीत आमचेच तीन चेहरे दिसू लागले.

"आई, बाबा," मुलगी म्हणाली, "तो जन्मदाखला..."

हिने पर्स पोटाशी धरली. "मुलगा कुठला आहे?"

"कुठला मुलगा?"

"मिलानचाच ना? मला ओळखतात म्हणालीस तू. मी काही विचारणार नाही, जात-पात तर नाहीच नाही. फक्त शाकाहारी आहे का तेवढं सांग."

मुलीने माझ्याकडे पाहिले. मी खिडकीकडे पाहिले. तिथेही तीच होती.

"आई, मिलानला आमच्या कंपनीचं ऑफिस आहे. लग्न-बिग्न काही नाही. मी इथलं नागरिकत्व घ्यावं म्हणते. भारताचा पासपोर्ट परत द्यावा लागेल."

गाडी चाललीच होती. बोगद्यात गाडी चालते हे नुसत्या कानाला कळते.

"म्हणजे लग्न नाही?" हिने खात्री करून घेतली.

"नाही."

ही बराच वेळ गप्प बसली. मी रुमाल काढून तयार ठेवला. मग ती म्हणाली, "पासपोर्टच ना? रेशनकार्डातून तर नाव काढायचं नाही?"

"नाही गं."

"मग घरी कशी येशील?"

"त्यासाठी कार्ड मिळतं. जन्मभराचं."

"आपल्याच घरी यायला कार्ड?"

"आई, माझ्या घरी यायला तुम्ही मुंबईला जाऊन दहा बोटांचे ठसे देऊन आलात ना?"

हा मुद्दा बिनतोड होता. हिने माझ्याकडे पाहिले. म्हणजे आता माझी पाळी.

"अर्ज भरला?" मी विचारले.

"नाही. फोनवर विचारावंसं वाटलं नाही. म्हणून तर तुम्हाला बोलावलं."

माझ्या डोळ्यांसमोर अण्णा उभे राहिले. ड्रायव्हर कितीही घाईत असो, सिग्नल पडलेला असो, फलाटावरचे सगळे लोक ओरडत असोत; गार्डाने हिरवा झेंडा दाखवल्याशिवाय गाडी हलत नाही. लहानपणी मला वाटे, गाडी अण्णाच चालवतात. एकदा मी त्यांना तसे म्हणालो. ते म्हणाले, "मी कुठला चालवतो? गाडी जाणारच असते. मी फक्त मागे सगळं ठीक आहे एवढं सांगतो."

मला बोलायचे पुष्कळ होते. नऊ वर्षांचे साठले होते. भूगोलाच्या शिक्षकाने देश, सीमा आणि राष्ट्रध्वज यांवर तासभर बोलावे असे ते साठलेले. पण बोगदा वीसच मिनिटांचा होता आणि त्यातली बरीचशी ह्यांच्या संवादात गेली होती. खिडकीत एकदम उजेड आला, तिन्ही चेहरे पुसले गेले आणि डोंगर दिसू लागले.

"दाखला माझ्या बॅगेत आहे," मी म्हणालो. "घडीवर फाटायला आलाय, लॅमिनेशन करू नकोस, चालत नाही. चार झेरॉक्स काढून ठेव. आणि मूळ प्रत कुणाच्या हातात देऊन येऊ नकोस, दाखवून परत घे."

ती उठून माझ्या शेजारी येऊन बसली. पुढे मिलानपर्यंत आम्ही शेंगदाण्याची चटणी लावलेले पाव खाल्ले.

मिलानचे स्टेशन १९३१ सालचे. फलाट चोवीस. वरचे लोखंडी छत एवढे उंच की त्याखाली आमचे स्टेशन कावळ्यांसकट मावेल. मी बॅग उभी करून मान वर केली ती पाच मिनिटे खाली आणली नाही. अण्णांना हे दाखवायला हवे होते. ते म्हणाले असते, "झाडायला किती माणसं लागत असतील?"

रात्री हॉटेलात हिने ती कापडी पिशवी काढली. आत खण आणि हिरवा चुडा. मी टॉवेल सोडला आणि सफारी काढली. मुलगी एकदा आईकडे, एकदा माझ्याकडे आणि एकदा आपल्या यादीकडे पाहत कॉटवर बसली. "माझ्याशिवाय सगळ्यांनी पॅकिंग केलंय," ती म्हणाली.

सकाळी उठून पाहतो तर तिच्या हातांत हिरव्या बांगड्या, वर काळा कोट. "आणल्यात तर घालते," म्हणाली. हिने नजर उतरवल्यासारखे केले. मग मलाही धीर आला आणि मी सफारी चढवली. वर जाकीट होते, पण बटणे उघडी ठेवली. थंडी वाजली. फॅशनसाठी माणसाने थोडे सोसायचे असते, हे मिलानमध्ये मला कोणी सांगायला नको होते.

त्या शहराचा धसका उगाच घेतला होता असे आता वाटते. तिथल्या रस्त्यांवरून १९२८ सालच्या बनावटीच्या ट्राम अजून धावतात, पिवळ्या, लाकडी बाकांच्या, आणि लोक त्यांत कौतुकाने बसतात. जिथे १९२८ ची ट्राम चालते तिथे १९९१ ची सफारी का चालू नये? मोठ्या चर्चमध्ये, म्हणजे दुओमोत, खांदे आणि गुडघे झाकलेले असावे लागतात. दारात जगभरच्या फॅशनेबल मुली पिशव्यांतून ओढण्या शोधत होत्या. आमची ही सहावारीचा पदर सावरून, आत जाताना हात जोडून, सरळ गेली. यादीतले एकही कलम तिने पाळले नव्हते आणि पोशाखाच्या नियमात तीच एकटी पहिल्या झटक्यात पास झाली.

शेजारच्या काचेच्या छताच्या बाजारात, गॅलेरियात, जमिनीवर एका बैलाचे चित्र जडवलेले आहे. त्याच्या एका नाजूक जागी टाच ठेवून तीन गिरक्या घेतल्या की भाग्य उघडते म्हणतात. शेकडो टाचांनी तिथे खड्डा पडला आहे. बैलाला असे करू नये, पोळ्याच्या गावची माणसे आपण, असे म्हणून हिने वाकून त्याला नमस्कार केला. मुलीने गिरकी घेतली. बांगड्या वाजल्या. दोन इटालियन बायका थांबून त्या बांगड्यांकडे बघत राहिल्या आणि एकीने त्या कुठे मिळतात ते विचारले. मुलीने सांगितले. 'पूर्णा' हा शब्द त्या बाईला दोनदा म्हणून दाखवावा लागला.

परतीच्या वेळी आमच्या दोघांच्या बॅगा मिळून अठ्ठावीस किलो भरल्या. जाताना जे घट्ट बसवले होते, ते सगळे तिकडेच राहिले. हिच्या बॅगेत तर एवढी जागा झाली की तिच्यात माझी बॅग घालून आणता आली असती.

परवा मुलीने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. नवा पासपोर्ट, गडद तांबडा. आतले पान उघडलेले. फोटोत ती हसत नाही. हसायचे नसते म्हणे. ही चष्मा शोधेपर्यंत मी फोन डोळ्याजवळ नेला आणि बोटांनी चित्र मोठे केले. नाव बरोबर होते. जन्मतारीख बरोबर होती. त्याच्या शेजारी जन्माचे ठिकाण, रोमन लिपीत पाच अक्षरे.

मी शिडी लावून माळ्यावर चढलो. लाइन बॉक्सच्या झाकणावरची धूळ पुसली. तिथेही तेच लिहिले होते.

"काय हो, काय झालं?" खालून हिने विचारले.

"काही नाही," मी म्हणालो. "जगात जर्मनी म्हणतात ना, तिथल्या पासपोर्टात पूर्णा आहे."